मार्गारेट ड्युमाँटला जोक कळत होते, चांगलेच कळत होते

ती पोस्ट परत फिरायला लागलीये. मार्क्स ब्रदर्स, म्हणजे ग्राउचो मार्क्स आणि त्याचे भाऊ, जुने अमेरिकन कॉमेडियन, त्यांच्या सिनेमातली ती उंच, भारदस्त, दागिन्यांनी मढलेली बाई, मार्गारेट ड्युमाँट, तिचा फोटो आणि खाली लिहिलंय की हिने ग्राउचो मार्क्ससोबत सात सिनेमे केले पण हिला एकही जोक कधी कळला नाही, ही खऱ्या आयुष्यातही अशीच श्रीमंत भोळी बाई होती, कॅमेऱ्यासमोर नुसती उभी राहायची, आणि मार्क्स ब्रदर्स नसते तर हिला कुणी कामच दिलं नसतं. यातलं "सात सिनेमे" एवढंच बरोबर आहे. बाकीचं एकेक घेते.

"एकही जोक कळला नाही"

हे सांगितलं कुणी, तर ग्राउचोने. वर्षानुवर्षं सांगत राहिला. 1974 मध्ये ऑनररी ऑस्कर घेताना स्टेजवरसुद्धा तेच म्हणाला, पण त्याच दमात आधी हेही म्हणाला की ती माझ्यासाठी फार भारी स्ट्रेट वुमन (म्हणजे स्वतः गंभीर राहून समोरच्याचा जोक उभा करणारी) होती, आणि लोक शेअर करतात फक्त दुसरा अर्धा भाग. मार्गारेट 1965 च्या मार्चमध्येच गेली होती, म्हणजे उत्तर द्यायला ती नव्हतीच. त्याचा आवडता किस्सा त्यांच्या "डक सूप" सिनेमाच्या शेवटचा: लढाई चालू आहे, ग्राउचो म्हणतो लक्षात ठेवा, तुम्ही या बाईच्या अब्रूसाठी लढताय, तिने स्वतः बहुधा कधी एवढं केलं नाही, आणि नंतर तिने म्हणे येऊन विचारलं की याचा अर्थ काय. किस्सा मस्तच आहे. पण जो माणूस आयुष्यभर समोरच्याची फिरकी घेण्यावर जगला, त्याच्या किश्श्याला आपण पुरावा कसा काय मानतो?

आता साधा हिशोब बघा. "द कोकोनट्स" आधी नाटक होतं, 1925 च्या डिसेंबरमध्ये ब्रॉडवेवर आलं, तिथेच 276 प्रयोग झाले, आणि मार्गारेट त्यात होती. मग 1928 मध्ये "अ‍ॅनिमल क्रॅकर्स", त्यातही होती. "द कोकोनट्स"चा सिनेमा बनला तेव्हा दिवसा न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया स्टुडिओत शूटिंग आणि रात्री "अ‍ॅनिमल क्रॅकर्स"चा प्रयोग असं चाललं होतं. म्हणजे रोज रात्री त्याच वाक्याला अख्खं थिएटर हसतंय, तो हशा ओसरेपर्यंत थांबून ती पुढचं वाक्य घेतेय, आणि तिला जोक कुठे आहे तेच माहीत नाही? आपल्याकडच्या कुठल्याही नाटकवाल्याला विचारा, लाफ्टर चालू असताना पुढचं वाक्य टाकलं तर तो लाफ्टर मेला, आणि जास्त थांबलात तर सीन पडला. हे न कळता शेकडो प्रयोग होतच नाहीत. त्यात हे भाऊ स्टेजवर ऐनवेळी काहीही बोलायचे, स्क्रिप्ट बाजूला ठेवून, आणि समोर या बाईने चेहरा सांभाळायचा.

"नुसती उभी राहायची"

याचा मला खरंच राग येतो. "डक सूप" (1933) मध्ये ती मिसेस टीसडेल आहे, अख्खा देश तिच्या पैशावर चाललाय आणि हा नालायक माणूस नेता झाला तरच ती पुढचे दोन कोटी डॉलर देणार आहे. तिने एक सेकंद जरी "हा मला बनवतोय" असा चेहरा केला असता तर सिनेमा तिथेच संपला असता. ग्राउचो आधी तिची स्तुती करतो, ती लाजते, तो लगेच अपमान करतो, तिचा चेहरा पडतो, आणि पुढच्या वाक्याला ती परत आशेने त्याच्याकडे बघते, हे सगळं काही सेकंदांत. तिला लागलं म्हणून आपण हसतो, ती दगडासारखी उभी असती तर तेच वाक्य नुसतं उद्धट वाटलं असतं. आणि त्याच सिनेमाच्या शेवटी ती ऑपेरा स्टाइलमध्ये राष्ट्रगीत गायला लागते आणि चौघं भाऊ तिला फळं फेकून मारतात. ते गाणं तसं येतं कारण ती गाणं शिकलेली बाई होती.

तिने स्वतः मुलाखतीत सांगितलंय की मी कुणाची टपली खाणारी नाही, मी स्ट्रेट लेडी आहे, ही एक कला आहे, समोरच्याला उभं करायचं पण त्याच्यावर कुरघोडी करायची नाही, त्याचा हशा चोरायचा नाही. ज्याला जोक कळत नाही तो हशा कुणाचा आणि कुठे आहे हे कसं सांगेल?

"खऱ्या आयुष्यातही तशीच श्रीमंत बाई"

जन्म 1882, ब्रुकलिन, नाव डेझी बेकर. विशीतच डेझी ड्युमाँट नावाने स्टेजवर आली, गाणं आणि कॉमेडी दोन्ही केलं. 1910 मध्ये श्रीमंत घरात लग्न झालं हे खरं, नवरा साखरेच्या धंद्यातल्या घराण्यातला, पण 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत तो गेला आणि ही परत ब्रॉडवेवर कामाला लागली. श्रीमंत बाईची ऐट तिने जवळून बघितली होती एवढं नक्की. पण बघितलेलं स्टेजवर उभं करणं यालाच अभिनय म्हणतात ना?

"मार्क्स ब्रदर्स नसते तर..."

डब्ल्यू. सी. फील्ड्ससोबत 1941 मध्ये, डॅनी के सोबत 1944 मध्ये, लॉरेल-हार्डी, जॅक बेनी, अ‍ॅबट-कॉस्टेलो, सगळ्यांसोबत तिने काम केलंय. इतक्या कॉमेडियन लोकांना समोर तीच बाई हवी होती, आणि हे लोक टायमिंगच्या बाबतीत कुणालाही माफ करणारे नव्हते. "अ डे अ‍ॅट द रेसेस"साठी 1937 मध्ये स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्डने (नटांच्या संघटनेने) तिला सहाय्यक अभिनेत्रीचं बक्षीस दिलं, म्हणजे सोबतच्या नटांना तरी तिचं काम दिसत होतं. शेवटचा सिनेमा 1964 चा, आणि जायच्या थोडेच दिवस आधी, वयाच्या 82 व्या वर्षी, टीव्हीवर ग्राउचोसोबत "अ‍ॅनिमल क्रॅकर्स"मधला जुना गाण्याचा नंबर परत केला.

ज्यांनी पोस्ट टाकलीये त्यांनी ती काढली नाही तरी चालेल, पण ग्राउचोचं वाक्य पूर्ण टाका, "भारी स्ट्रेट वुमन" हे शब्द धरून.