बेटाची विमान कंपनी बेटावरून उडून गेली

जेजू एअर या दक्षिण कोरियातल्या स्वस्त विमान कंपनीचं नाव काढलं की आता बहुतेकांना एकच दृश्य आठवतं. 29 डिसेंबर 2024 ची सकाळ, दक्षिण कोरियातलं मुआन विमानतळ, चाकं न उघडलेलं विमान पोटावर घसरत चाललंय आणि धावपट्टीच्या पलीकडे तो काँक्रीटचा बांध. विमानात 181 जण होते, त्यातले 179 गेले. त्यानंतर 'स्वस्तात जायचं म्हटल्यावर असंच होणार' असा सूर सगळीकडे लागला, आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवरसुद्धा. मला तो सूर तेव्हाही पटला नव्हता आणि आजही पटत नाही. माझी तक्रार वेगळी आहे, पण ती सांगायची तर वीस वर्षं मागे जावं लागेल.

जेजू हे कोरियाच्या दक्षिणेचं ज्वालामुखीतून घडलेलं बेट. ना पूल, ना रेल्वे. बोटीने जाता येतं, पण त्यात निम्मा दिवस जातो, आणि समुद्र खवळला की तेही बंद. म्हणजे सोलच्या मोठ्या इस्पितळात आईला दाखवायचं असो नाहीतर मुलाला कॉलेजात सोडायचं असो, विमानाला पर्याय नाही. आणि विमानं होती दोनच कंपन्यांची, कोरियन एअर आणि एशियाना. दोघी भाडं वाढवत राहिल्या, बेटावरचे लोक चरफडत तिकिटं काढत राहिले.

मग जेजू प्रांताच्या सरकारने ठरवलं की आपणच एक विमान कंपनी काढायची. सोबतीला कोण आलं, तर एक्यंग. साबण आणि धुण्याची पावडर बनवणारा उद्योगसमूह! (या एक्यंगच्या चांग यंग-शिन बाईंवर खरं तर वेगळी पोस्ट लिहायला हवी. चार मुलं पदरात, 1970 मध्ये नवरा गेला, आणि ज्या काळात कोरियात कंपनीच्या बैठकीत बाई चहा घेऊनच यायची त्या काळात बाई खुर्चीवर जाऊन बसल्या.) जानेवारी 2005 मध्ये कंपनी उभी राहिली. 25 टक्के भांडवल प्रांताचं, बाकी एक्यंगचं. भाडं वाढवायचं तर आधी प्रांताशी बोलायचं, असं करारातच लिहून घेतलेलं. जून 2006 मध्ये सोलच्या गिम्पो विमानतळावरून जेजूला पहिलं विमान उडालं, तेही जेट नाही, पंख्याचं छोटं क्यू-400. तिकीट मोठ्या कंपन्यांच्या साधारण 70 टक्के.

सरकारने विमान कंपनी काढली म्हटलं की आपल्या कपाळाला आपसूक आठी पडते. पण इथे सरकारने कंपनी चालवायला घेतली नाही, फक्त लोकांच्या बाजूने टेबलावर एक खुर्ची राखून ठेवली. ही कल्पना मला आजही फार आवडते.

पुढची वाढ झपाट्याची. 2008 मध्ये बोइंग 737-800 आली, 2009 मध्ये ओसाकाची नियमित सेवा सुरू झाली, 2015 मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली. कोरियातल्या स्वस्त विमान कंपन्यांमध्ये हा मान पहिला तिचाच. के-पॉप आणि मालिकांमधल्या हिरोंचे चेहरे विमानांवर रंगवून झाले, सोलच्या होंगदे भागात स्वतःचं हॉटेलही काढून झालं.

हे जमलं कसं? गुपित काही नाही, जगभरच्या स्वस्त कंपन्या हेच करतात. एकाच जातीचं विमान ठेवायचं, म्हणजे सगळ्या वैमानिकांना सगळी विमानं चालवता येतात आणि सुटे भाग एकाच प्रकारचे लागतात. आत 189 खुर्च्या. खाणंपिणं, बॅग, पाय पसरायला जागा, सगळ्याचे पैसे वेगळे. आणि खरी मेख अशी की विमान जमिनीवर उभं ठेवायचंच नाही. आपल्याकडे वडाप चालते तसं: आलं, उतरवलं, भरलं, निघालं. दिवसा देशातल्या आणि जपानच्या फेऱ्या, रात्री तेच विमान बँकॉक किंवा व्हिएतनाममधल्या दानांगला जाऊन पहाटे परत. विमानाचा भाड्याचा हप्ता ते उडो न उडो भरावाच लागतो. मग ते जितकं जास्त उडेल तितका प्रत्येक तिकिटावरचा बोजा कमी.

यात मला काही पाप दिसत नाही. या तिकिटांमुळे पहिल्यांदा परदेश पाहणाऱ्या कोरियन माणसांची एक अख्खी पिढी आहे. 2024 मध्ये 88 लाखांच्या आसपास कोरियन लोक जपानला जाऊन आले. पाच-सव्वापाच कोटींच्या देशातून! येन घसरलेला, जपानचं फुकुओका सोलच्या इंचॉन विमानतळापासून जेमतेम दीड तासावर, मग शनिवारी रामेन खाऊन रविवारी परत.

पण नेमकं इथेच गाडं रुळावरून घसरलं असं मला वाटतं. जपानच्या फेरीत पैसा जास्त सुटतो. देशांतर्गत तिकिटाचे दर फार वाढवता येत नाहीत. मग विमानं कुठे जाणार? गेली काही वर्षं जेजूचे लोक आणि तिथलं प्रांत सरकार कंपन्यांना विनवतंय की बाबांनो, बेटावरच्या सीट वाढवा. गिम्पो-जेजू हा जगातला सगळ्यात गर्दीचा हवाई मार्ग आहे. मुंबई-गोवा विमानाने जेवढं लांब, साधारण तेवढंच अंतर, आणि वर्षाला सव्वा कोटीहून जास्त सीट. तरी शुक्रवारी संध्याकाळी अचानक दवाखान्यासाठी निघायचं म्हटलं तर बेटावरच्या माणसाला सीट मिळेलच असं नाही, कारण त्या सीटवर संत्र्यांचे खोके घेऊन परतणारा पर्यटक महिनाभर आधीच जाऊन बसलेला असतो.

आणि प्रांताची ती टेबलावरची खुर्ची? नवीन शेअर निघत गेले, प्रांताचा वाटा घटत गेला. 2017 मध्ये भाडेवाढीवरून प्रांत आणि कंपनी थेट कोर्टात उभे राहिले. ज्यांच्या नावाने कंपनी निघाली त्यांनाच तिच्याविरुद्ध वकील द्यावा लागला.

आता मुआनकडे. जेजूच्या गोष्टीत मुआन आलंच कुठून, असं कोणी विचारेल. कोरियात 2004 मध्ये केटीएक्स ही वेगवान रेल्वे सुरू झाली आणि मुख्य भूमीवरची देशांतर्गत विमानसेवा बघता बघता आटली. तरीही राजकारण्यांनी आपापल्या भागाला विमानतळ मिळवून दिलेच. मुआन त्यातलंच, 2007 मध्ये उघडलेलं. वर्षाला 90 लाखांहून जास्त प्रवासी येतील म्हणून बांधलं, 2023 मध्ये आले अडीच लाखांच्या आत. असं ओस पडलेलं विमानतळ भरणार कोण? स्वस्त कंपन्याच. जेजू एअरची मुआन-बँकॉक नियमित सेवा त्या अपघाताच्या महिन्यातच सुरू झाली होती. विमानात बहुतेक मुआनजवळच्या ग्वांगजू शहरातले आणि आसपासचे लोक होते, नाताळच्या सुट्टीत टूरने थायलंडला जाऊन घरी परतणारे.

तपासात दोन्ही इंजिनांत बदकांची पिसं सापडली. काँक्रीटचा तो बांध विमानतळाचा, त्यावर उतरणाऱ्या विमानाला दिशा दाखवणारे अँटेना बसवलेले. तो तिथे कोणी आणि का बांधू दिला याचा जाब सरकारनेच द्यायला हवा, त्याचं खापर स्वस्त तिकिटावर फोडता येणार नाही. विमान मोठ्या कंपनीचं असतं तरी बांध काही मऊ झाला नसता.

पण कंपनीलाही मी सोडणार नाही. कोरियन माध्यमांत जे आकडे आले, त्यांनुसार विमानामागे महिन्याला सगळ्यात जास्त तास उडवणाऱ्यांत जेजू एअर पुढे होती, 400 तासांच्या वर. अपघातग्रस्त विमानाने त्याआधीच्या 48 तासांत 13 उड्डाणं केली होती. नियमांत बसत असेलही. आणि अपघाताशी त्याचा संबंध होता असं मी म्हणत नाही, तो तपासाचा विषय. पण अपघातानंतर कंपनीने काय केलं? हिवाळ्यातली उड्डाणं 10 ते 15 टक्क्यांनी कमी करू म्हणून जाहीर केलं. म्हणजे कमी करता येत होती. मग आधी का नाही केली?

माझी भाची कोरियन मालिकांची भक्त. मागे तिने विचारलं, "मावशी, बँकॉकहून सोलला यांचं तिकीट निम्म्यात मिळतंय, काढू का?" (आपल्याकडून थेट यांचं विमान नाही.) मी म्हटलं, काढ. पण परतीच्या कनेक्शनला दोन तास नको ठेवूस, एक रात्र हातची ठेव. ज्या कंपनीचं एकेक विमान दिवसभर फेऱ्या मारतं, तिथे सकाळी नागासाकीत झालेला उशीर रात्री बँकॉकमध्ये तुझ्या वाट्याला येतो. बदली विमान उभं नसतं, कारण विमान उभं न ठेवणं हाच तर धंदा.

पुढचं चित्र मला फारसं बरं दिसत नाही. डिसेंबर 2024 मध्ये, अपघाताच्या जेमतेम अडीच आठवडे आधी, कोरियन एअरने एशियाना ताब्यात घेतली. आता त्यांच्या जिन एअर, एअर बुसान आणि एअर सोल या तीन स्वस्त कंपन्या 2027 च्या सुमारास एक होतील. पन्नासच्या वर विमानं, म्हणजे जेजू एअरचा पहिला नंबर गेला. टी-वे ही आणखी एक स्वस्त कंपनी एका रिसॉर्टवाल्या समूहाकडे गेलीय आणि पॅरिस-रोमला जातेय. इकडे एक्यंगवर कर्जाचं ओझं एवढं की 2025 मध्ये त्यांनी चक्क साबणाची मूळ कंपनीच विकायला काढली आणि विमान कंपनी ठेवली. जिच्यासाठी घरची दुभती गाय विकली तिच्याकडून आता दूध काढल्याशिवाय मालकाला राहवेल? कमी केलेले तास हळूच परत वाढतील अशी मला धास्ती आहे. जेजूच्या प्रांत सरकारने थोडे पैसे घालून आपला वाटा पुन्हा वाढवावा, आणि भाड्यासाठी घातली तशीच अट आता विमानाच्या तासांसाठी आणि बेटावरच्या सीटसाठी घालावी.