सळईकडे कोणी पाहायचे?

कोकणच्या किनाऱ्यावर वाडवडिलांचे मोडकळीस आलेले घर उतरवून त्याच जागी तेवढेच घर बांधू पाहणाऱ्या माणसाला सरकारी कार्यालयांत आरोपीसारखे वागवले जाते, आणि एवढे करून ते घर धड बांधले गेले की नाही हे पाहायला मात्र कोणीही फिरकत नाही, याचा मला मनस्वी संताप आहे.

सातबारा, आठ अ, मोजणीचा नकाशा, घरपट्टीचा उतारा इथपर्यंत माझी तक्रार नाही. पण कोकणात सातबारा एकट्याच्या नावावर असतो कुठे? आमच्या उताऱ्यावर चुलत्यांची, चुलत आजोबांची नावे आहेत. त्यांतले काही कधीच निवर्तले, त्यांचे वारस विरार-डोंबिवलीला, आणि त्या प्रत्येकाचे संमतीपत्र हवे. त्यानंतर सीआरझेड, म्हणजे समुद्रकाठच्या बांधकामावर निर्बंध घालणारे नियम. भरतीरेषेपासून २०० मीटरांच्या आतले जुने अधिकृत घर पूर्वीच्याच जोत्यावर, चटईक्षेत्र न वाढवता पुन्हा बांधता येते, असे त्यांच्या अधिसूचनेत स्पष्ट लिहिले आहे. तरीही ‘अधिकृत’ असल्याचा पुरावा म्हणून आजोबांच्या काळातील बांधकाम परवानगी मागितली जाते. त्या काळी गावात परवानगी म्हणजे पाडव्याला फोडलेला नारळ, हे त्या साहेबांना कोणी सांगावे?

नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ नुसार ६० दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते. वाचायला छान वाटते. प्रत्यक्षात मुदत संपत आली की नेमके त्रुटीपत्र येते, आणि त्याला उत्तर दिले की दिवसांची मोजणी पहिल्यापासून सुरू होते.

हे सगळे सुरक्षिततेसाठी असते तर मी तोंडातून ब्र काढला नसता. आयएस ४५६ हे भारतीय मानक समुद्रकाठच्या काँक्रीटला ‘तीव्र’ वर्गात धरते. तिथे किमान एम ३० प्रतीचे काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर जाडीचे काँक्रीटचे आवरण सांगितले आहे, कारण खाऱ्या हवेत सळई गंजते, गंजून फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते. आमच्या स्लॅबच्या दिवशी सेंट्रिंगवाल्याने, हे आवरण राखण्यासाठी सळया फळीपासून उचलून धरणाऱ्या कव्हर ब्लॉकऐवजी, सळयांखाली फरशीचे तुकडे सरकवले होते, कॉलमची एक सळई फळीला चिकटलेली होती आणि मिश्रण ‘सुटसुटीत’ व्हावे म्हणून मिक्सरमध्ये पाइपने पाणी सोडले जात होते. रेती खाडीची, न धुतलेली, म्हणजे मिठासकट. मी आरडाओरडा केला म्हणून निदान फरशीचे तुकडे निघाले. नकाशावर सही करणाऱ्या अभियंत्याला परवाना लागतो. प्रत्यक्ष घर बांधणाऱ्या ठेकेदाराकडे कसला परवाना आहे, हे मला कोणत्याही टेबलावर विचारले गेले नाही. काल रिक्षा चालवणारा आज ‘कॉन्ट्रॅक्टर’ अशी पाटी लावू शकतो.

नाही म्हणायला जोते तपासणीला एक कर्मचारी आले होते. त्यांनी टेपने सामासिक अंतरे, म्हणजे घराभोवती मोकळी सोडायची जागा मोजली, मोबाइलवर फोटो काढले, चहा घेतला आणि गेले. बाजूलाच बांधून ठेवलेल्या सळयांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही, कारण त्यांच्या नमुन्यात तो रकानाच नव्हता. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये जेमतेम सात-आठ वर्षांची पाचमजली इमारत कोसळून १६ माणसे दगावली. त्यानंतरही आमच्या तालुक्यात तपासणी म्हणजे टेप आणि मोबाइलच असेल, तर या कार्यालयांनी त्या दुर्घटनेतून शिकले तरी काय?

सध्या भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घरात राहायला जाण्याची परवानगी, अडले आहे. काँक्रीटच्या ठोकळ्यांचे चाचणी अहवाल मी स्वखर्चाने प्रयोगशाळेतून करून घेतले होते, ते अर्जाला जोडले; ते कोणी उलगडून पाहिल्याची खूण नाही. त्रुटी निघाली ती अशी की, न्हाणीघराची खिडकी मंजूर नकाशापेक्षा अर्धा फूट डावीकडे आहे.