'एकाचे चौदा' हा हिशेब कुठे फसतो

'सार्वजनिक आरोग्यावर एक खर्च करा, चौदा परत मिळतात. म्हणून प्रतिबंध उपचारापेक्षा नेहमीच स्वस्त.' हा दावा सतत फिरत असतो. त्याचा एकेक तुकडा तपासून पाहू.

'चौदा'. आकडा खरा आहे. 2017 मध्ये 52 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात परताव्याचा मध्यक (सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) 14.3 निघाला. पण हे अभ्यास श्रीमंत देशांतले होते. शिवाय त्याच आढाव्यात स्थानिक उपक्रमांचा मध्यक फक्त 4.1 आणि देशव्यापी उपक्रमांचा 27.2 आहे. एवढा फरक असताना कुठल्याही एका योजनेला 14 चिकटवणं म्हणजे अंदाजपंचे.

'परत मिळतात'. कोणाला? अशा हिशेबांत बरेचदा वाचलेल्या आयुष्याला आणि न बुडालेल्या कामाला पैशांत किंमत दिलेली असते. ते मूल्य खरं असलं तरी आरोग्य खात्याच्या तिजोरीत येत नाही. रुग्णालयातली दहा खाटांची गरज कमी झाली, तरी पगार आणि इमारतीचा खर्च त्या वर्षी तसाच राहतो. कागदावरची बचत अर्थसंकल्पात सापडत नाही ती यामुळे.

'नेहमीच स्वस्त'. दावा सर्वांत कच्चा इथे आहे. 2008 च्या एका आढाव्यात निव्वळ पैसे वाचवणारे प्रतिबंधक उपाय 20 टक्क्यांहून कमी निघाले. कारण साधं आहे: उपचार आजारी माणसावर होतो, प्रतिबंध मात्र कधीच आजारी न पडणाऱ्यांवरही करावा लागतो. समजा, हृदयविकाराचा एक झटका टाळायला 200 जणांना औषध द्यावं लागतं. माणशी खर्च 10 एकक, म्हणजे एकूण 2,000. टळलेल्या झटक्याचा उपचार 500 चा. निव्वळ खर्च 1,500. त्यातून निरोगी आयुष्याची 5 वर्षं मिळाली, तर दर वर्षाला 300. हा सौदा उत्तम असू शकतो, पण त्याला बचत म्हणता येणार नाही.

त्यातही सरासरीवर विसंबू नये. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी एकापाठोपाठ सहा शौचतपासण्या करण्याच्या शिफारशीचा 1975 मध्ये हिशेब झाला. सापडलेल्या रुग्णामागे सरासरी खर्च 2,451 डॉलर. सहाव्या तपासणीने सापडणाऱ्या जादा रुग्णामागे सुमारे 4 कोटी 70 लाख डॉलर! पहिलीच तपासणी सुमारे 92 टक्के रुग्ण पकडते असं गृहीत होतं, त्यामुळे सहावीसाठी जवळजवळ कोणी उरतच नाही.

'आज खर्च, उद्या बचत'. 30 वर्षांनंतरचे 100 आज किती? वार्षिक सवलत दर (पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत दर वर्षामागे ज्या दराने कमी धरतात तो) 3 टक्के धरला तर 41, 5 टक्के धरला तर 23. लहानपणी राबवलेल्या कार्यक्रमाचा निकाल या एका दरावर फिरू शकतो. दुसरं, वाचलेला माणूस पुढे म्हातारपणी आजारी पडतोच. 1997 च्या एका विश्लेषणानुसार धूम्रपान पूर्ण थांबल्यास उपचारखर्च आधी घटतो, कालांतराने मात्र पुरुषांत 7 आणि स्त्रियांत 4 टक्क्यांनी जास्त होतो. म्हणून सिगारेट चालू ठेवा असं कोणी शहाणा म्हणणार नाही.

'मग प्रतिबंध परवडत नाही' हा उलटा निष्कर्षही चूकच. उपचाराकडून आपण नफा मागत नाही, मग प्रतिबंधाकडूनच का? शिवाय चूक उलट दिशेनेही होते. लस न घेतलेल्यांनाही मिळणारं संरक्षण साध्या, स्थिर प्रतिमानात (म्हणजे संसर्गाचा फैलाव न मोजणाऱ्या हिशेबात) धरलेलंच नसतं, आणि चांगली लस कागदावर महाग दिसते.