अमेरिकेचा दाखला कशाला?

सांगलीच्या घरची केबल काढून टाकावी आणि आईला ओटीटीची सवय लावावी, असा प्रस्ताव धाकट्या भावाने आम्हा भावंडांपुढे ठेवला आहे. त्याचा हुकमी मुद्दा असा की, अमेरिकेत आता केबल बघतो कोण? मला चीड येते ती या प्रश्नाची, कारण घरच्या प्रत्येक वादात अमेरिकेला साक्षीला बोलावले जाते आणि न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्यासारख्याने फक्त मान डोलवावी अशी अपेक्षा असते.

आकडे त्याच्या बाजूचे आहेत, हे मान्य. टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या मोजणीनुसार मे २०२५ मध्ये येथील प्रेक्षकांनी टीव्हीला दिलेल्या वेळेपैकी ४४.८ टक्के वेळ स्ट्रीमिंगने घेतला आणि केबल व प्रसारण वाहिन्या मिळूनही प्रथमच मागे पडल्या. परंतु लोकांनी केबल सोडली ती मुख्यतः बिल परवडेना म्हणून, आणि सोडून ते गेले कोठे? इंटरनेटवरून टीव्ही वाहिन्या दाखवणारे यूट्यूब टीव्ही २०१७ मध्ये महिना ३५ डॉलरला सुरू झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये ८२.९९ डॉलरवर पोहोचले. त्यातही तेच वाहिन्यांचे गठ्ठे, त्याच जाहिराती आणि तीच भांडणे. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेरीस डिस्नेशी करार फिसकटला आणि ईएसपीएन व एबीसी या वाहिन्या ऐन अमेरिकी फुटबॉलच्या हंगामात सुमारे दोन आठवडे तेथून गायब झाल्या. केबल तोडल्याचे अभिमानाने सांगणाऱ्या माझ्या बऱ्याच सहकाऱ्यांच्या घरी इंटरनेट मात्र त्याच केबल कंपनीच्या तारेतून येते, याची भावाला कल्पना नसावी.

सांगलीची गोष्टच निराळी. फेब्रुवारी २०१९ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायचे नवे दर लागू झाले, शंभर वाहिन्यांना करासह सुमारे १५३ रुपये आणि सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे, तेव्हा केबलवाल्याने दिलेला छापील तक्ता घेऊन आई चष्मा लावून बसली होती. क्रिकेटवर तिने काट मारली, मराठी वाहिन्या राखल्या आणि बेरीज दोनदा तपासली. बॉक्स बंद पडला की एका फोनवर मुलगा येतो, कार्ड काढून फडक्याने पुसतो, पुन्हा बसवतो आणि चहा घेऊन जातो. माझे इंटरनेट गेले की मला तासभर चॅटबॉटशी वाद घालावा लागतो. ओटीटी आल्यावर आईला लॉगिनसाठी लागणारा ओटीपी पुण्यात ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसलेल्या भावाच्या मोबाइलवर जाणार, याला सोय म्हणायचे असेल तर माझे म्हणणे संपलेच.

भावाचे उत्तर असे की, केबल गेली की तक्रार करायला त्यालाच धावावे लागते. मी तिकडे बसून घराचे वस्तुसंग्रहालय जपतो आहे, असेही तो म्हणतो. हे लागले, कारण त्यात तथ्य आहे. मी स्वतः मराठी मालिका ॲपवरच बघतो, इयरफोन लावून, कारण मुलांना भाषा कळते पण मालिका सोसवत नाहीत. आईला मात्र मी मुद्दाम तिच्या रात्रीच्या आठ वाजता फोन करतो; उन्हाळ्यात तेव्हा येथे सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. केबलवरची मालिका तिला थांबवता येत नाही, म्हणून ती मलाच थांबवते: "थांब रे, जाहिरात लागू दे." असे माणूस घरातल्याला म्हणते. उद्या ॲप आले तर ती मालिका थांबवील, आवाज नीट करील आणि पाहुण्याची करावी तशी माझी आस्थेने चौकशी करील, आणि ते मला नको आहे.

भाऊ म्हणतो, हा केबलच्या बाजूचा मुद्दाच नव्हे. नसेल. केबलचे वर्षाचे पैसे आगाऊ भरायला मी तयार आहे, आणि डॉलरमध्ये ती रक्कम फारशी होत नाही, हे त्याला सांगण्याचा मोह मला आवरला नाही.