मधलं रिकामं पान

मी कॉम्प्युटरमध्ये आहे, असं चेअरमन नानांना कुणीतरी सांगितलं. झालं! ‘मेंटेनन्सची यादी तेवढी लावून दे रे,’ म्हणून ४८ फ्लॅटची फाइल आली. ओळीत चार रकाने, मध्ये स्वल्पविराम: फ्लॅट, नाव, थकबाकी, फोन. एक्सेलमध्ये दहा मिनिटांचं काम. पण मला ‘सी’ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची खुमखुमी.

पहिला तास एंटरने खाल्ला. ‘महिना?’ विचारल्यावर स्कॅनएफने (टाइप केलेलं वाचणारं सीचं फंक्शन) आकडा उचलला आणि मागचा एंटर बफरमध्येच, म्हणजे टाइप केलेलं साठतं त्या जागेत, टाकून दिला. पुढे अख्खी ओळ वाचणाऱ्या एफगेट्सला फाइलचं नाव वाचायला बसवलं, तर तो उष्टा एंटर दिसताच ‘झाली ओळ’ म्हणून मोकळा. कॉलेजात टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर यावर, उरलंसुरलं इनपुट झटकायला, एफफ्लश एसटीडीइनचा अंगारा मिळायचा. सीच्या अधिकृत स्टँडर्डमध्ये त्याला काही अर्थच नाही, हे परीक्षा झाल्यावर कळलं.

मग ओळीचे तुकडे पाडायला स्ट्रटोक. हा गृहस्थ स्वल्पविराम खोडून तिथे नल कॅरेक्टर (‘मजकूर संपला’ची खूण) ठोकतो, म्हणजे मूळ ओळीची वाट लागलीच. तेही चाललं असतं. पण लागोपाठचे दोन स्वल्पविराम त्याला एकच दिसतात. पंगतीत मधलं पान रिकामं दिसलं की ‘सरका, सरका’ करत पुढच्याला अलीकडे बसवणारा वाढपी असतो ना, तसा.

आता थकबाकीचा रकाना रिकामा कुणाचा? ज्यांनी वेळेवर पैसे भरले त्यांचा! तिथे फोन नंबर सरकून बसला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, जन्मात वाण्याकडे उधारी नाही, त्यांच्या नावावर ९८२ कोटी. मी हौसेने लाँग लाँग (सीमधला मोठ्या आकड्यांचा डबा) घेतला होता, म्हणून आकडा मावलासुद्धा. फोनच्या जागी कंसात ‘नल’, म्हणजे ‘काहीच नाही’. खरे थकबाकीदार मात्र हजार-बाराशेवर साळसूद उभे.

नानांनी न वाचताच यादी बोर्डावर लावली. काकू तडक वर आल्या.

“कोटींचं नंतर बघू. नळ परवाच बदललाय आम्ही, तो का लिहिलास?”

नानांनी चष्मा कपाळावर ढकलला. “यातलं निम्मं आलं तरी लिफ्ट होईल रे.”

रात्री स्ट्रटोकच्या जागी स्ट्रसेप बसवला. तो रिकाम्या पानाचाही मान ठेवतो, मोकळी स्ट्रिंग, म्हणजे रिकामा मजकूर, हातात देतो, तिचं शून्य होतं. सकाळी नवी यादी लागली. काकूंनी ती बोट फिरवून दोनदा वाचली.

“शून्य केलंस ते ठीक. पण कालचे कोटी माफ झाल्याचं लेखी दे, सही-शिक्क्यानिशी.”