शुक्रवारी पाणी आहे

डिसेंबर संपत आला की नवं कॅलेंडर आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला लागतं आणि घरात तारखांच्या वाटण्या होतात. निळं पेन बायकोचं: पाणी, दूध, गॅस. लाल पेन आईचं: एकादश्या, संकष्ट्या, श्राद्धतिथ्या. त्या छापलेल्या असतातच, तरी ती वरून गोल करते. छापणाऱ्यावर तिचा विश्वास नाही. उरली पेन्सिल, ती माझी. पुढच्या वर्षी कुठला सिनेमा कधी येणार, ते मी लिहितो. पेन मिळत नाही म्हणून पेन्सिल, असं नव्हे. बायकोची तशी अट आहे.

सोलापूरकराला सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्या नळाला रोज पाणी येत नाही. दिवसाआड हा शब्द आम्ही पुण्याच्या पाहुण्यांच्या तोंडून ऐकतो आणि हसतो. आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी पाणी येतं, आणि त्या दिवशी घरातल्या माणसानं घरात असायचं. बायको पहिल्या निळ्या गोलापासून पाच-पाच मोजत थेट डिसेंबरला टेकते. आता पाणी पाच दिवसांनी, शुक्रवार सात दिवसांनी. लसावि पस्तीस. म्हणजे दर पस्तीस दिवसांनी एक शुक्रवार पाण्यात जाणार, हे सातवीतलं गणित आहे. पण मला बघायचा असतो तो सिनेमा नेमका त्याच शुक्रवारी कसा लागतो, हे कुठल्याच इयत्तेत शिकवलं नाही.

यंदा २०२६ चं कॅलेंडर घेऊन बसलो. मार्च उघडला. १९ मार्चला गुढीपाडवा, आणि त्याच दिवशी ‘धुरंधर’चा दुसरा भाग आणि यशचा ‘टॉक्सिक’ असे दोन्ही तेव्हा जाहीर झाले होते. ‘धुरंधर’चा पहिला भागच साडेतीन तासांच्या वर होता. साडेतीन मुहूर्तांपैकी एक आणि वर साडेतीन तासांचा सिनेमा, हा योग मला फार शुभ वाटला. बायकोनं विचारलं, “श्रीखंड कोण आणणार?” मी पेन्सिलीनं बारीक अक्षरात दोन्ही नावं लिहिली, म्हणजे श्रीखंडाला जागा राहील.

१ मेला रितेश देशमुखचा ‘राजा शिवाजी’. ही तारीख माझ्या मुलानं कधीच धरून ठेवली होती, पण महाराजांसाठी नव्हे. ‘अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे’ आधी १ मेलाच येणार होता. गड्यानं ते कपाटाच्या दाराला आतून खडूनं लिहून ठेवलं होतं. मग तो सिनेमा गेला १८ डिसेंबरवर, आणि पोरगं दोन दिवस जेवलं नाही. मी म्हटलं, “अरे, महाराष्ट्र दिनाला मैदान महाराजांनाच मोकळं पाहिजे.” त्यानं ओल्या फडक्यानं कपाट पुसलं. पाण्याचा दिवस नव्हता, म्हणून फडकं ओलं करण्यावरून वेगळं ऐकून घेतलं.

खरं सांगायचं तर सोलापुरात मे महिन्यात सिनेमा कुठला हे कोण विचारतं? पारा बेचाळीस-त्रेचाळीसला गेला की तिकीट काढताना एकच प्रश्न, “एसी चालू आहे का?” आम्ही एका उन्हाळ्यात एक भयपट दोनदा पाहिला, तो घाबरायला नव्हे, अंग गार करायला. शिवाय यंदा १७ मेपासून अधिक महिना. सासूबाईंचा बार्शीहून फोन येऊन गेला, जावयाला धोंडे खायला बोलावलंय. त्या महिन्यातले शुक्रवार मी कोरे सोडले.

१७ जुलैला हॉलिवूडच्या ख्रिस्तोफर नोलनचा ‘ओडिसी’. सगळा आयमॅक्स, म्हणजे भल्यामोठ्या पडद्यासाठीच्या, कॅमेऱ्यावर घेतलाय म्हणतात. परदेशात काही थिएटरांत त्याची तिकिटं बरोबर एक वर्ष आधी विकली गेली. एक वर्ष! आणि इथं परवाचं पाणी पहाटे येणार की मध्यरात्री, ते सांगायला कुणी तयार नाही. आयमॅक्सचा पडदा सोलापुरात नाही, म्हणजे सकाळी हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुणं गाठा. दहा वर्षं भटकून घरी परतणाऱ्या माणसाची ती गोष्ट. तिकीट, रिक्षा आणि पोराचे पॉपकॉर्न धरून मीही साधारण तसाच परतेन.

मराठी सिनेमांच्या तारखा मात्र मी लिहीत नाही. ते कधी येतात आणि कधी जातात, शेजाऱ्याला कळत नाही. गेल्या वर्षी एकाला आम्ही मंगळवारी दुपारी गेलो, चौघं. खिडकीतला माणूस म्हणाला, “दहा माणसं झाली तर शो लावतो.” मी चहाच्या गाड्यावर जाऊन दोन रिक्षावाले आणि चहावाल्याचा पोरगा गोळा करून आणले. सात झाले, पुढं गाडी हलेना. शेवटी रिकाम्या तीन खुर्च्यांची तिकिटंही मीच काढली. आईनं त्यातल्या एका खुर्चीवर हक्कानं पिशवी ठेवली. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. बाहेरचं खाणं आणायला बंदी असते, पण आईची पिशवी तपासायची हिंमत अजून कुणी केलेली नाही. मध्यंतराच्या जरा आधी पडद्यावर नायिकेचे वडील शेवटचे श्वास मोजत होते, सगळीकडे चिडीचूप, आणि आईनं भाकरी मोडली. कडाक्! रिकाम्या थिएटरात तो आवाज पार मागच्या भिंतीवरून परत आला. वडील गेले. मागून एक रिक्षावाला म्हणाला, “मावशी, मला बी द्या की जरा.”

त्याच आईला यंदा दिवाळीला ‘रामायण’ बघायचंय. पहिला भाग या दिवाळीत, दुसरा २०२७ च्या दिवाळीत, असं मी तिला समजावून सांगितलं. तिनं चष्मा काढला. “टीव्हीवर लागायचं तेव्हा रविवार ते रविवार जीव वर-खाली व्हायचा. वर्षभर थांबायचं? आणि तेवढे दिवस सीतामाई कुठं?” मग नोव्हेंबरचं पान उघडून म्हणाली, “त्यात अधिकामुळं दिवाळी लांबलीय. त्या सिनेमावाल्यांना सांगितलंय का कुणी?”

एवढं लिहून होतंय तोवर अण्णाचा फोन. अण्णा पद्मशाली, म्हणजे इथल्या तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातला, टॉवेलच्या धंद्यातला, आणि संक्रांतीला तेलुगू सिनेमा पाहिला नाही तर त्याला तिळगूळ गोड लागत नाही. संक्रांतीची सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा, तिच्यातले नंदीध्वज आणि सिनेमा हे सगळं तो एकाच पंधरवड्यात बसवतो.

“काय बे, नऊला ‘राजा साब’. प्रभास! पहिला शो. येतोय ना?”

मी जानेवारी उघडला. नऊ तारीख, शुक्रवार. भोवती निळा गोल.

“अण्णा, नऊला पाणी आहे.”

पलीकडे दोन सेकंद शांतता. अण्णाचं घर आमच्याच लाइनीवर आहे. मग फोन बाजूला धरून त्यानं बायकोला तेलुगूत काहीतरी विचारलं. उत्तर बरंच लांबलचक आलं, त्यात मला एकच शब्द कळला, “मोटर”.

“रात्रीचा बघू बे,” अण्णा म्हणाला.

“रात्रीच येतं पाणी,” आतून माझी बायको म्हणाली.