एका इंजिनचं हेलिकॉप्टर दगडासारखं पडत नाही

नागपुरात धरमपेठेतल्या आमच्या ग्रुपवर दोन दिवस एक मजकूर फिरतोय: 'चेतक-चीताच्या जागी येणारं एचएएलचं नवं हलकं हेलिकॉप्टर एकाच इंजिनचं आहे. इंजिन बंद पडलं की दगडासारखं खाली. शिकाऊ पोरांचे जीव धोक्यात.' चेतक-चीता म्हणजे आपल्या सैन्यदलांची जुनी हलकी हेलिकॉप्टरं, आणि एचएएल म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही सरकारी विमान कंपनी. नव्या हेलिकॉप्टरला इंजिन एकच, हे खरं. पुढचं चूक आहे.

फुटाळा तलावावर पोरं भिंगरी वाऱ्यासमोर धरतात, तेव्हा ती कुणी न फिरवता फिरते. इंजिन थांबलं की वैमानिक डाव्या हातातला दांडा लगेच खाली करतो, पात्यांचा कोन कमी होतो आणि खालून येणारी हवा पाती फिरवत ठेवते. जमिनीजवळ नाक उचलून वेग कमी करायचा, मग पात्यांत साठलेल्या फिरकीवर टेकायचं. याला ऑटोरोटेशन म्हणतात. प्रत्येक शिकाऊ वैमानिकाकडून हे घोटून घेतात. अगदी कमी उंचीवर आणि कमी वेगात मात्र ते साधत नाही, तो धोका खराच आहे.

२१ जून १९७२ला ज्याँ बुले या फ्रेंच वैमानिकाने लामा हेलिकॉप्टर १२,४४२ मीटरवर नेलं. तिथे इंजिन विझलं. तो तसाच, इंजिनाविना, सुखरूप उतरला. आपलं चीता म्हणजे हेच लामा!

अमेरिकी नौदलानेही २०२०मध्ये प्रशिक्षणासाठी निवडलेलं टीएच-७३ए एकाच इंजिनचं आहे. दुसऱ्या इंजिनाने सुरक्षितता वाढते, पण वजन, इंधन आणि देखभालही वाढते. वायुसेनानगरात हवाई दलाच्या देखभाल कमांडचं मुख्यालय असलेल्या आपल्या गावात तरी हे समजायला हवं. ज्यांनी मजकूर पुढे पाठवला, त्यांनी कृपया हेही पाठवावं. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या आया तो वाचून घाबरल्या आहेत.